गवतातली घोणस

शाळेत सापांविषयी बोलायला गेलो की आम्ही आधी भाषण करत नाही. फळ्यावर तीन मोठी चित्रे लावतो आणि मुलांना नावे विचारतो. तिन्ही साप जाडजूड, तिन्ही तपकिरी, तिन्ही ठिपक्यांचे. नाशिक जिल्ह्यातील शाळांमधून मिळणारी उत्तरे बहुधा ठरलेली असतात. पहिले चित्र अजगर, दुसरे अजगराचे पिल्लू, तिसरे घोणस. कधी कधी गुरुजीही मान डोलावतात.

पहिले उत्तर बरोबर आहे. दुसरे आणि तिसरे मात्र चुकलेले असते. तिसरे चित्र डुरक्या घोणशीचे असते. नावात 'घोणस' असली तरी हा साप बिनविषारी आहे, तो अजगराच्या नात्यातला. आणि मुलांनी ज्याला अजगराचे पिल्लू म्हटले, तीच खरी घोणस. भारतात सर्पदंशाने जे मृत्यू होतात त्यांत सर्वांत मोठा वाटा तिचाच मानला जातो.

ही चूक परीक्षेतली असती तर एक गुण गेला असता. बांधावर झाली तर जीव जातो. अजगराचे पिल्लू समजून घोणस हाताळल्यामुळे दंश झाल्याचे प्रकार घडतात. म्हणून या लेखात आपण घोणस नीट पाहू : ती दिसते कशी, राहते कुठे, तिचे विष रक्ताचे नेमके काय करते आणि दंश झाल्यावर कोणत्या गोष्टीने माणूस वाचतो.

ओळख

घोणशीच्या पाठीवर ठिपक्यांच्या तीन ओळी असतात. मधली ओळ पाठीच्या कण्यावरून जाते आणि दोन्ही बाजूंना एकेक. ठिपके लांबट गोल, कडेने काळसर आणि त्याबाहेर बारीक पांढरट रेघ असलेले. मधल्या ओळीतील ठिपके एकमेकांना टेकले की साखळीच्या कड्यांसारखे दिसतात. डोके त्रिकोणी, मान त्या मानाने बारीक. डोक्यावरचे खवले लहान लहान आणि खरखरीत. बाहुली मांजरासारखी उभी. शेपटी आखूड. पूर्ण वाढलेली घोणस साधारणपणे चार फुटांची, क्वचित पाच फुटांपर्यंत जाते.

अजगराच्या अंगावरचे पट्टे वेडेवाकडे, एकाशी एक न जुळणारे असतात आणि डोक्यावर बाणासारखी खूण असते. त्याचे अंड्यातून नुकते निघालेले पिल्लूदेखील दीड-दोन फुटांचे असते. घोणशीचे नवजात पिल्लू मात्र वीतभर किंवा थोडे जास्त. डुरक्या घोणशीचे डोळे बारीक, मान जवळजवळ नाहीच आणि पाठीवरचे डाग एकमेकांत मिसळून नागमोडी झालेले. हे सर्व चित्रात सोपे वाटते. अंधारात, गवतात, दोन हातांवर साप असताना ठिपके मोजत बसण्याची सोय नसते. त्यामुळे नियम एकच : ठिपक्यांचा जाड साप दिसला की ती घोणसच, असे धरून मागे सरकावे.

घोणशीची एक खूण मात्र अंधारातही कळते. तिला कोणी छेडले तर ती अंग फुगवून, वेटोळे करून जोराने फुत्कारते. तिच्या मोठ्या नाकपुड्यांतून निघणारा हा आवाज बराच वेळ चालतो. खेड्यातली माणसे त्याला कुकरच्या शिट्टीची उपमा देतात, ती अगदी योग्य आहे. हा आवाज म्हणजे तिने दिलेली सूचना असते.

दबा धरून बसणारी

या सापाचे शास्त्रीय नाव 'डाबोइया रसेली'. त्यातले 'रसेली' हे पॅट्रिक रसेल या स्कॉटिश डॉक्टरवरून आले. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत असताना त्यांनी कोरोमांडेल किनाऱ्यावरील सापांचा अभ्यास केला आणि त्यावरचा त्यांचा ग्रंथ १७९६ साली प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी या सापाला त्यांचे नाव मिळाले. 'डाबोइया' हा शब्द मात्र आपल्याकडचा आहे. लपून राहणारा, अशा अर्थाच्या हिंदी शब्दावरून तो घेतला आहे. मराठीत आपण 'दबा धरून बसणे' म्हणतो, ते येथे आठवावे.

घोणशीचे सारे जगणे या दबा धरण्यावर चालते. धामण उंदराच्या मागे धावते, बिळात शिरते. घोणस तसे करत नाही. उंदरांची ये-जा असलेल्या वाटेशेजारी ती वेटोळे घालून तासन्‌तास पडून राहते. तपकिरी ठिपके वाळल्या गवतात, पाचोळ्यात आणि ढेकळांत इतके मिसळून जातात की उंदीर अगदी तोंडाशी येतो. मग एक झेप, दंश, आणि लगेच सोडून देणे. तिचे विषदंत सुमारे दीड सेंटिमीटर लांब असतात आणि तोंड मिटले की टाळूला समांतर असे मागे दुमडतात. दंश झालेला उंदीर थोडा दूर जाऊन पडतो. घोणस जिभेने गंध घेत सावकाश त्याच्यापर्यंत जाते आणि गिळते.

आता आपल्या बाजूने पाहा. माणसाची चाहूल लागल्यावर बहुतेक साप निघून जातात. घोणशीचा बचाव न हलण्यात आहे, म्हणून ती जागची हलत नाही. ती आपल्या अंगावर धावून येत नाही. आपणच नकळत तिच्यावर पाय देतो किंवा गवताबरोबर तिलाही मुठीत धरतो. तिच्या स्वभावातील ज्या गुणाने तिला उंदीर मिळतो, त्याच गुणामुळे शेतकऱ्याला दंश होतो.

माळरानातून मळ्यात

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेला सह्याद्री आहे. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर या भागांत धो धो पाऊस, भाताची खाचरे आणि नागली-वरईचे उतार. पूर्वेकडे सिन्नर, येवला, नांदगाव या बाजूला पाऊस अगदी कमी होतो आणि कुसळी, मारवेल, पवन्या अशा गवतांची माळराने सुरू होतात. येवल्याजवळ ममदापूरच्या अशाच माळांवर काळविटांचे कळप राहतात. दोहोंच्या मध्ये निफाड-दिंडोरीचा द्राक्षांचा, उसाचा आणि कांद्याचा बागायती पट्टा.

घोणशीला घनदाट जंगल फारसे मानवत नाही. उघडा माळ, गवत, खुरटी झुडपे, बोराटीची जाळी, दगडांचे ढीग ही तिची मूळ जागा. पण माळाचे शेत झाले म्हणून ती निघून गेली नाही. तिच्या दृष्टीने शेत हे आणखी चांगले गवताळ रान ठरले, कारण शेतात उंदीर जास्त. कोरडवाहू माळावर उंदरांना काही महिनेच भरपूर खायला मिळे. पाटाचे पाणी आणि विहिरी आल्यावर बारा महिने पीक उभे राहू लागले. कांद्याची चाळ, कडब्याची गंजी, उसाचे पाचट, द्राक्षबागेतील आच्छादन, बांधावर वाढलेले गवत या सर्व जागी उंदरांची सोय झाली आणि त्यांच्या मागोमाग घोणशीचीही.

त्यात आपल्या कामाचे वेळापत्रक तिच्या वेळापत्रकाला येऊन भिडते. ती मुख्यतः संध्याकाळनंतर वावरते. शेतीपंपाची वीज अनेकदा रात्री येते, त्यामुळे पाणी भरायला माणूस रात्री बांधावर असतो, पुष्कळदा अनवाणी. घोणस अंडी घालत नाही, पिल्लांना जन्म देते. एका वेळी वीस ते चाळीस, कधी त्याहूनही जास्त. ही पिल्ले मुख्यतः उन्हाळ्याच्या अखेरीस आणि पावसाच्या सुरुवातीला जन्मतात. म्हणजे पेरणी, लावणी, निंदणी यांच्याच दिवसांत. पिल्लाच्या विषदंतांत जन्मापासून विष असते. ते वीतभर आहे म्हणून त्याला हात लावणे धोक्याचेच.

विष काय करते?

आपल्या रक्ताला दोन परस्परविरोधी कामे करावी लागतात. नसांमधून ते पातळ राहून वाहिले पाहिजे, आणि जखम झाली की त्याच ठिकाणी ते चटकन साकळले पाहिजे. यासाठी रक्तात काही प्रथिने निष्क्रिय अवस्थेत तयार असतात. जखम झाली की पहिले प्रथिन जागे होते, ते दुसऱ्याला जागे करते, दुसरे तिसऱ्याला. शेवटी थ्रॉम्बिन तयार होते. ते फायब्रिनोजेन या विरघळलेल्या प्रथिनाचे फायब्रिनच्या धाग्यांत रूपांतर करते. या धाग्यांच्या जाळ्यात रक्तपेशी अडकतात आणि गुठळी होते.

घोणशीच्या विषात अशी काही प्रथिने आहेत की जी ही साखळी मधूनच सुरू करतात. त्यांतील एक दहाव्या घटकाला आणि दुसरे पाचव्या घटकाला जागे करते. जखम नाही, गरज नाही, तरी साऱ्या शरीरभर रक्त साकळण्याचे काम जोरात सुरू होते. आता प्रश्न पडेल : मग या दंशात रक्त गोठायला हवे, प्रत्यक्षात तर हिरड्यांतून, लघवीतून रक्त वाहते. हे कसे?

एक उदाहरण घेऊ. गावाने नदीचा बांध फुटला तर असू द्यावीत म्हणून वाळूची पाचशे पोती भरून ठेवली आहेत. कोणीतरी रात्री खोटीच आरोळी ठोकली. लोक पोती घेऊन धावले आणि मिळेल त्या गल्लीत टाकून मोकळे झाले. पहाटे बांध खरोखर फुटला तेव्हा एकही पोते शिल्लक नव्हते. घोणशीचे विष अशी खोटी आरोळी ठोकते. फायब्रिनोजेन नको तिथे खर्च होते. रक्त साकळण्याची शक्ती संपते, आणि विषातील इतर घटक सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंती दुबळ्या करत असतात. त्यामुळे रक्त झिरपू लागते. मूत्रपिंडांना इजा होते, लघवी कमी होते किंवा थांबते. दंशाच्या जागी तीव्र वेदना, वाढत जाणारी सूज आणि फोड येतात.

याच विषाने वैद्यकाला मोठी मदतही केली आहे. १९३४ साली लंडनमध्ये मॅकफार्लेन आणि बार्नेट यांनी घोणशीच्या अतिशय पातळ केलेल्या विषाने हिमोफिलिया झालेल्या रुग्णांचा स्थानिक रक्तस्राव थांबवता येतो असे दाखवले. याच मॅकफार्लेन यांनी १९६४ साली रक्त साकळण्याच्या क्रियेची वर सांगितलेली साखळी मांडली. आजही रक्त साकळण्यातील काही दोष शोधण्यासाठी प्रयोगशाळेत घोणशीचे विष वापरतात.

वीस मिनिटांची काचनळी

दंश घोणशीचा असावा अशी शंका आल्यास दवाखान्यात एक साधी तपासणी करतात. नव्या, स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत रुग्णाचे दोन मिलिलिटर ताजे रक्त घेऊन ती वीस मिनिटे न हलवता ठेवतात. नंतर हळूच तिरपी करतात. निरोगी माणसाचे रक्त एव्हाना गोठलेले असते. ते अजून पातळ असेल तर विष शरीरात भिनले आहे. या तपासणीला वीज लागत नाही, यंत्र लागत नाही. मात्र नळी काचेचीच हवी, कारण काचेच्या स्पर्शाने रक्त साकळण्याची साखळी सुरू होते. प्लॅस्टिकची किंवा साबणाने धुतलेली नळी घेतली तर निष्कर्ष चुकतो. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना 'असे का?' हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

उपाय एकच आहे : प्रतिविष. सापाचे विष अगदी थोड्या, वाढत्या मात्रेत घोड्याला टोचतात. घोड्याच्या रक्तात त्या विषाला निष्प्रभ करणारी प्रतिद्रव्ये तयार होतात. ती वेगळी करून शुद्ध केली की प्रतिविष तयार होते. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे या कामातील योगदान जुने आहे. भारतात मिळणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर चालते, त्यामुळे साप कोणता हे न कळले तरी उपचार अडत नाहीत. त्यासाठी लागणारे विष मुख्यतः तामिळनाडूतील इरुळा आदिवासींच्या सहकारी संस्थेकडून येते. प्रदेश बदलला की एकाच जातीच्या सापाच्या विषातही फरक पडतो, म्हणून वेगवेगळ्या भागांतील विष वापरून अधिक गुणकारी प्रतिविष बनवण्याचे संशोधन चालू आहे.

येथे वर्गासाठी एक गणित. एक घोणस एका दंशात सरासरी ६३ मिलिग्रॅम विष सोडते. प्रतिविषाची १० मिलिलिटरची एक कुपी घोणशीचे ६ मिलिग्रॅम विष निष्प्रभ करते. किती कुप्या लागतील? भागाकार साडेदहा येतो. म्हणून डॉक्टर सुरुवातीलाच आठ ते दहा कुप्या देतात आणि पुढे गरजेप्रमाणे वाढवतात. आता दुसरा प्रश्न : रुग्ण पाचवीतला मुलगा असेल तर मात्रा निम्मी करायची का? बहुतेक विद्यार्थी 'हो' म्हणतात, कारण तापाचे औषध तसेच देतात. उत्तर 'नाही' आहे. सापाने माणसाचे वजन पाहून विष सोडलेले नसते. जितके विष, तितकेच प्रतिविष. उलट लहान शरीरात तेवढेच विष गेल्याने मुलाला धोका अधिक.

आणखी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. प्रतिविष रक्तात फिरणाऱ्या विषाला पकडते, पण झालेली हानी भरून काढत नाही. संपलेले फायब्रिनोजेन यकृताला नव्याने बनवावे लागते, त्याला काही तास लागतात. म्हणून काचनळीची तपासणी सहा तासांनी पुन्हा करतात. मूत्रपिंडे बिघडल्यावर पोचलेल्या रुग्णाला डायलिसिसवर ठेवण्याची वेळ येते. येथे वेळेलाच किंमत आहे.

मधले तास कुठे जातात?

समजा, निफाड तालुक्यातील एका वस्तीवर संध्याकाळी सोयाबीन सोंगताना एका बाईंना दंश झाला. पहिला अर्धा तास साप शोधून मारण्यात जातो. नंतर पायाला दोरी आवळतात, ब्लेडने चीर देतात. मग शेजारच्या गावातील जाणत्याकडे नेतात. तिथून दवाखान्याकडे निघेपर्यंत रात्रीचे दहा वाजतात.

यातील प्रत्येक पायरी का चुकीची, हे आता आपल्याला सांगता येईल. रक्त साकळत नसताना चीर दिली तर ती वाहतच राहते. घोणशीचे विष दंशाच्या जागचे मांस नासवते. दोरीने ते तिथेच कोंडले की पाय गमावण्याची वेळ येते. चारही सापांना एकच प्रतिविष असल्याने साप मारून आणण्याचे कारण उरत नाही. उलट शोधणाऱ्यालाच दंश होऊ शकतो.

मग जाणत्याकडे माणसे बरी का होतात? कारण पुष्कळ दंश बिनविषारी सापांचे असतात आणि विषारी सापही काही वेळा दंशात विष सोडत नाही. ही माणसे काही न करताही वाचली असती. श्रेय मात्र मंत्राला मिळते. हे समजावताना जाणत्या माणसाची टिंगल करू नये, असे आमचे मत आहे. "तुम्ही बघा, पण आधी गाडीत बसवा आणि गाडीतच बघा," असे म्हटले तर पुष्कळ घरे ऐकतात.

करायचे ते थोडेच आहे. माणसाला धीर द्यावा. त्याला चालू-पळू देऊ नये. अंगठी, जोडवी, पैंजण सूज येण्याआधी काढावेत. दंश झालेला हात किंवा पाय मोडलेल्या हाडासारखा फळीने स्थिर करावा, आवळू नये. १०८ क्रमांकाला फोन करावा किंवा मिळेल त्या वाहनाने प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्यावे. मोटारसायकलच असेल तर रुग्णाला मध्ये बसवून मागे एकाने धरावे. दंशाची वेळ आणि दिसलेली लक्षणे डॉक्टरांना सांगावीत.

मारून प्रश्न सुटतो का?

घोणशीच्या नात्यातील फुरशाचा एक जुना अनुभव येथे सांगण्याजोगा आहे. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी जिल्ह्यात फुरसे मारण्यासाठी सरकारने बक्षीस लावले होते. १८६२ साली आठ दिवसांत एक लाखाहून जास्त फुरशी आणून दिली गेली. पुढेही वर्षाला लाखांनी मारली गेली. रत्नागिरीत फुरसे आजही आहे. घोणस मारली तर तिची जागा दुसरी घेते, कारण तिला बोलावणारे उंदीर तिथेच असतात. वन्यजीव संरक्षण कायद्याने साप मारण्यास बंदी आहे, आणि शेतातील धान्याचा हिशेब केला तरी ती आपल्या फायद्याचीच आहे.

देशापुढील प्रश्न मात्र मोठा आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे दगावली, वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यांतील चौथ्या हिश्शाहून जास्त पंधरा वर्षांखालील मुले होती. निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या काळातले. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाचा समावेश उपेक्षित आजारांच्या यादीत केला. भारत सरकारने २०२४ साली जाहीर केलेल्या राष्ट्रीय कृती आराखड्यात २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट आहे.

शाळेला या कामात जागा आहे, आणि पावसाळ्याच्या सुरुवातीचा जून महिना त्यासाठी योग्य. गमबूट, बॅटरी, गवत उपटण्याआधी काठीने हलवून पाहणे, घराभोवतीचा पालापाचोळा आणि लाकडे दूर रचणे हे मुले घरी सांगतील. त्याखेरीज आम्ही एक उपक्रम सुचवतो. आठवी-नववीच्या मुलांनी गावाचा नकाशा काढावा. प्रत्येक वस्ती आणि मळा त्यात दाखवावा. प्रतिविष ठेवणारे सर्वांत जवळचे रुग्णालय कोणते, हे प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन विचारावे. मग प्रत्येक वस्तीपुढे तीन गोष्टी लिहाव्यात : रुग्णालयापर्यंत किती मिनिटे लागतात, रात्री वाहन कोणाकडे मिळेल आणि त्यांचा फोन क्रमांक काय. हा नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावा आणि दरवर्षी जूनमध्ये तपासून दुरुस्त करावा.